नळावरचा पहिला नंबर

धामणकर नाक्यामागच्या आमच्या चाळीत ठकुबाई वारली आणि दोन दिवसांत तिची माउली झाली. आणीबाणीचं शहात्तर साल होतं. पुष्कळ गोष्टींना बंदी होती, पण मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायला नव्हती.

ठकुबाई आणि समोरच्या खोलीतली खदीजा या दोघी नळावरच्या पहिल्या नंबरासाठी पंचवीस वर्षं रोज सकाळी सहाला भांडत. रात्रपाळीवरून येणारे लूमवाले त्यावर घड्याळ लावत. सत्तरच्या दंगलीत, कर्फ्यूमुळे नळावर जाता येईना, तेव्हा दोघी खिडक्यांतून भांडल्या होत्या.

ठकुबाई गेल्यापासून खदीजा नळावर आली नव्हती. चाळ म्हणाली, आता हिला निवांतपणा मिळाला.

"दादी रोटी खात नाय," तिचा सात वर्षांचा नातू इद्रीस ठकुबाईच्या नातीला, चंद्राला, सांगत होता. "भिंतीकडं तोंड करून पडते. डॉक्टरनं ताकदीची बाटली दिली."

चंद्रा सहा वर्षांची. तिनं विचार केला. "तिच्याशी भांडायला कोन न्हाय ना."

"मैं झगडा करता हूँ तो बेटा बेटा करती है."

"तू हंडा ठेव. मी भांडते."

सहाव्या दिवशी सकाळी इद्रीसनं आजीचा हंडा नळाखाली ठेवला. चंद्रानं तो पायानं सरकवला आणि खदीजाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ए खदीजे, ऊठ. हंडा ठेवून झोपा काढतंस? नळ काय तुझ्या बापानं आंदण दिलाय?"

आवाज पातळ होता, चाल ठकुबाईचीच. दहाव्यापर्यंत मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांचे चहाचे कप थांबले. चंद्राचा बाप महादू बनियनवर धावत आला आणि हात जोडून उभा राहिला. "चाची, पोर लहान हाय. सुतक हाय घरात. माफ करा." पाहुण्यांपैकी एकानं शांतता कमिटी बोलवायची सूचना केली. दंगलीपासून ती नेहमी तयारच असे.

मग खदीजा आली, केस न विंचरलेली, चौकट धरून.

"बापाला मधी आनू नको," ती म्हणाली. "पहिला नंबर माझा."

चंद्रा अडली. पुढचं तिला पाठ नव्हतं. "आता मी काय बोलू?"

खदीजानं पदरानं नाक पुसलं. "आता बोल, म्हातारे, कंबर मोडली तुझी, हंडा तरी उचलवतो का बघ."

चंद्रानं ते एकही शब्द न गाळता म्हटलं.

"मोडली असंल तुझ्या आजीची," खदीजा म्हणाली आणि तिथंच थांबली. मग नळाशी जाऊन तिनं हंडा नीट केला. अर्धाच भरून घेतला, उंबऱ्यापर्यंत आणला, आणि तिथं मटकन बसली.

"इद्रीस, रोटी आण. दोन."

महादूचे हात अजून जोडलेलेच होते.

"खाली कर रे ते," खदीजा त्याला म्हणाली. "आनि पोरीला उद्या टायमावर पाठव. आज सव्वासहा झाले."