फिओरेंझाचं नाक

फेब्रुवारीतल्या तापात फिओरेंझाचं नाक गेलं. घरात हे सगळ्यांत आधी मला कळलं, आणि तेही करपलेल्या दुधामुळे.

फिओरेंझा माझी भावजय. माझा भाऊ झेनो पेस्किएरा गावामागच्या चिकणमातीच्या रानात तुर्बियानाची द्राक्षं पिकवतो आणि त्यांची पांढरी वाईन करतो. आमची आई देल्फिना तळ्याकाठी छोटी खानावळ चालवते, तिथे मी वाढायला असते. झेनोची वाईन आणि आईचे मासे यांची सोयरीक जुळवायची ती फिओरेंझाने. कुठली टाकी कधी बाटलीत भरायची, कुठली कुठल्या माशाबरोबर द्यायची, सगळं ती पेल्यात नाक खुपसून ठरवायची. "मी हिचं नाक बघून लग्न केलंय," असं झेनो येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचा.

त्या सकाळी मी खानावळीत शिरले तर धुराचा भपकारा आला. फिओरेंझा शेगडीशेजारीच पार्सली चिरत उभी होती.

"अगं, दूध!" मी ओरडले.

तिने पातेल्यात डोकावून बघितलं. तळ काळा ठिक्कर पडला होता. तिने गॅस बंद केला, सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "इल्दे, मला वासच येत नाही. ताप उतरल्यापासून काही म्हणजे काही नाही."

"झेनोला सांगितलंस?"

"कुठल्या तोंडाने सांगू? बाटल्या भरायची वेळ आलीय. रोज पेला घेऊन येतो, काय वाटतं म्हणून विचारतो. मी त्याचाच चेहरा बघून उत्तर देते."

मला वाटलं, आता ही रडणार. पण तिचे डोळे भलतेच चमकत होते. तिने खुर्ची ओढली, मला बसवलं आणि माझ्यापुढे वाईनचा पेला ठेवला.

"नाक दाब. घट्ट. आता पी."

मी प्यायले. ज्या वाईनमध्ये मला जन्मभर सफरचंद आणि कसली तरी पांढरी फुलं सापडायची, तिच्यात आता काहीच उरलं नव्हतं. आंबटपणा तेवढा होता, जिभेच्या कडेला जरासं मीठ लागलं, आणि घोट गिळल्यावर बदामाच्या सालीसारखी कडवट चव रेंगाळली.

"बघितलंस?" ती म्हणाली. "फुलं गेली की खालचा सांगाडा दिसतो. मी इतकी वर्षं त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. आता हा मासा घे."

तिने पर्सिको तळला. तळ्यातला तो छोटा मासा तेलात नुसता कुरकुरीत झाला होता. नाक दाबूनच मी तुकडा खाल्ला, वर घोट घेतला. तोंडातलं तेल धुतल्यासारखं साफ झालं. मग भाजलेला लावारेलो. त्याच्या गोडसर मांसाबरोबर वाईनचं मीठ आणखी पुढे आलं. तिला गरज नसली तरी आम्ही दोघी नाकं चिमटीत धरून गेंगाण्या आवाजात वाद घालत होतो. शेवटी तिने आईचा लुच्चो काढला.

लुच्चो म्हणजे आमच्या तळ्यातला दातेरी लांबोडा मासा. आई तो उकडून त्यावर केपरच्या आंबट-खारट कळ्या, खारवलेली मासळी, पार्सली आणि व्हिनेगरची चटणी घालते आणि मक्याच्या घट्ट पोलेंट्याबरोबर देते. लोक वेरोनाहून तेवढ्यासाठी येतात. त्याच्याबरोबर आम्ही नेहमी झेनोची सगळ्यांत उत्तम, मऊसूत वाईन देत आलो होतो. मी घास घेतला, घोट घेतला, आणि फिओरेंझाकडे बघतच राहिले.

"ही वाईन तर नुसतं पाणी लागतेय," मी म्हणाले.

"नळाचं! मलाही परवा तसंच लागलं. मला वाटलं, माझी जीभसुद्धा गेली."

नेमकी त्याच वेळी आई आत आली. सून आणि लेक, दोघी तिच्या माशासमोर नाक धरून बसलेल्या.

"काय गं ए? माझ्या माशाला वास मारतोय?"

"नाही हो आई," फिओरेंझा गडबडून उठली, "वास मारत असता तरी मला कळलं नसतं."

मग सगळं सांगावंच लागलं. आईने ऐकून घेतलं. सुनेच्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला. मग स्वतः नाक दाबून लुच्चोचा घास खाल्ला आणि वर वाईन प्यायली. तोंड वाकडं करून तिने पेला बाजूला सारला.

"व्हिनेगर थोडं कमी केलं तर?" मी भीत भीत विचारलं.

"मासा माझ्या सासूबाईंचा आहे. तो बदलणार नाही. वाईन बदला."

"आई, तुम्हीच चवी बघा माझ्याबरोबर," फिओरेंझा म्हणाली. "माझी जीभ आणि तुमचं नाक."

सासू-सुना पुढचे कितीतरी दिवस दुपारी झेनो रानात गेला की त्याच्या वाईनच्या तळघरात उतरायच्या. वर येताना भांडतच यायच्या, पण हातात हात असायचा. एक-एक टाकी बाद होत गेली. राहिली ती कोपऱ्यातली, तळ्यालगतच्या जमिनीच्या तुकड्यातली. गेल्या वर्षी गारपिटीच्या भीतीने झेनोने तिथली द्राक्षं लवकर तोडली होती. वाईन इतकी आंबट झाली की तो तिला लिंबूपाणी म्हणायचा आणि दुसऱ्या टाकीत मिसळून संपवणार होता.

ती वाईन लुच्चोबरोबर प्यायल्यावर आई पहिल्यांदाच हसली. चटणीतल्या आंबटापुढे वाईनचा आंबटपणा नरमला होता, आणि खारवलेल्या मासळीने तिला गोलाई आणली होती. नुसती प्यायला जी नको वाटायची, तीच घासाबरोबर हवीहवीशी झाली.

आता झेनोला सांगणं भाग होतं. रविवारी जेवताना फिओरेंझाने सांगितलं. तो खाता खाता थांबला.

"इतके दिवस? आणि मी रोज तुला विचारत होतो!"

"तू माझं नाक बघून लग्न केलंस ना? मग नाकच गेलं म्हणून कसं सांगू?"

"अगं, ती थट्टा होती."

"रोज ऐकली की थट्टा वाटत नाही, झेनो."

त्याचा चेहरा पडला. तो उठून खिडकीशी गेला, तळ्याकडे बघत उभा राहिला. आई काही बोलणार होती, पण मी तिचा हात दाबला. मग तो परत आला, बायकोशेजारी खुर्ची ओढून बसला आणि स्वतःचं नाक चिमटीत पकडून गेंगाणला, "दाखव, काय सापडलंय तुला."

कोपऱ्यातली टाकी मिसळली गेली नाही. ईस्टरला आम्ही तीच वाईन लुच्चोबरोबर दिली. एक म्हातारे गिऱ्हाईक म्हणाले, "देल्फिना, यंदा मासा बदललास?" आई म्हणाली, "मासा तोच. सून बदलली." फिओरेंझा आतून ओरडली, "ऐकलं मी!"

नाक परत यायला लागलं ते उन्हाळ्याच्या शेवटी, आणि तेही वाकडंतिकडं. एका सकाळी तिने कॉफीचा कप तोंडाशी नेला आणि दचकली.

"इल्दे, ह्याला जळक्या रबराचा वास येतोय!"

मी हुंगलं. कॉफी चांगलीच होती. तिला वाईट वाटेल म्हणून मी कप काढून घ्यायला गेले, तर तिने माझा हात झटकला, पुन्हा हुंगलं, मग एक घोट घेतला आणि डोळे मिटून चव बघत राहिली.

"थांब, घेऊ नकोस," ती म्हणाली. "आणखी एक कप कर. आता दूध घालून."