कानातली बाई

दुकानदारानं लेकीच्या कानाकडे पाहिलं आणि हसला. "ताई, एवढेसे कान आमच्याकडे शाळेतली पोरं घेऊन येतात."

"आईचे उचललेत," लेक म्हणाली. "बाकी काही घेतलं नाही तिचं. ना शांतपणा, ना नेमधर्म."

खोटं नव्हतं. ही माझी चिमणी आगीच्या बंबावर काम करते. धुरात शिरून माणसं खांद्यावर घालून आणणारी मुलगी, पण साध्या तापाचं निमित्त झालं, हृदयाला सूज आली आणि चार महिने घरी बसली. आता डॉक्टरीणबाईंची अट होती: गुरुवारी त्यांच्यासमोर दोन किलोमीटर पळायचं, ठोके मिनिटाला दीडशेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. गेले, तर कायमची ऑफिसातली खुर्ची. आणि सरावातही ठोके फार चढले तर काय होऊ शकतं, ते त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

ठोके मनगटावरचं घड्याळ मोजतं, पण पळताना तिकडे बघायचं हिला भान राहत नाही. म्हणून हेडफोन. दीडशेला टेकले की त्यातून एक बाई बोलणार, "वेग कमी करा." एकाच कानात घालायचा, दुसरा मोकळा, मागून येणाऱ्याची चाहूल लागावी म्हणून.

पहिला जोड कानात शिरेना. दुसरा मान हलवताच पडला. तिसऱ्याला सगळ्यात बारकं रबर लावलं तेव्हा कुठे बसला. मी तिला उड्या मारायला लावल्या, वाकायला लावलं. जागचा हलला नाही. कानामागून आकडा घालून अडकवायचा एक प्रकार दुकानदार दाखवत होता, तो तिनं हातातही घेतला नाही. "म्हातारीच्या चष्म्यासारखं दिसतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे मी तिच्या डोक्याला तेल घातलं, दोन बोटं कानांवरूनही फिरवली. मग माझं मौन सुरू झालं. रोज अकरा माळा होईपर्यंत बोलायचं नाही, हा बावीस वर्षांचा नेम. मैदानाच्या वळणावर बाक होता, तिथं जप करत बसले.

तीन फेऱ्या नीट गेल्या. चौथीला ती माझ्यासमोरून गेली आणि कानातून काहीतरी उडालं. तिला कळलं. हात कानाकडे गेला, आणि तोच हात तिनं माझ्याकडे बघून झटकला: असू दे! वेग वाढवला. बाई गेली, बाईचा धाकही गेला.

मी उठून खडीतून तो दाणा उचलला. कानापाशी नेला तर मुंगीएवढा आवाज. "वेग कमी करा. वेग कमी करा." मग तोही तुटला. ती लांब गेली होती.

सातवी माळ चालू होती. खोटं कशाला सांगू, एक क्षण मी थबकले. सासूबाई गेल्या त्या सकाळीसुद्धा मी मौन मोडलं नव्हतं.

"चिमणेऽ! थांब!"

आई रागावली तर शेजारच्या मांजरालाही कळत नाही, अशी घरात माझी थट्टा होते. हिलाही ऐकू गेलं नाही. मग मी पळाले. मधल्या गवतातून आडवी, एक चप्पल तिथंच टाकून, आणि पलीकडे तिच्या वाटेत हात पसरून उभी राहिले.

"थांब म्हणते ना!"

ती थांबली. मौनाच्या वेळी मी तोंड उघडलं, तेवढ्यानंच थांबली. ओठ पांढरे पडले होते. मनगटावर एकशे अठ्ठ्याहत्तर. तिला गवतात बसवलं आणि आकडा मोठ्यानं वाचत राहिले. एकशे साठ. एकशे पस्तीस. एकशे दहा.

"आई, तू बोललीस."

"आणखी बोलायला लावू नकोस."

तिच्या कानाला हात लावला, तर बोट घसरलं. तेल. माझंच.

डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी तिला तपासलं, दोघींनाही झापलं आणि गुरुवारपर्यंत पळणं बंद केलं. आम्ही पुन्हा दुकानात.

"तेलावर रबर टिकतं होय, काकू?" दुकानदार म्हणाला.

या वेळी कानामागे अडकवायचा आकड्याचा जोड. लेकीनं चष्म्याचं नावही काढलं नाही. मी तिला कान साबणानं धुवायला लावले, मग घाम आल्यासारखे पाण्यानं ओले केले आणि मान झटकायला सांगितलं. दहा वेळा.

"काकू, परीक्षा पोरीची आहे की माझ्या मालाची?"

"दोघांची."

गुरुवारी तेलाची बाटली फडताळातच राहिली. डॉक्टरीणबाई हातातल्या पडद्यावर तिचे ठोके बघत उभ्या होत्या. पाच फेऱ्यांपैकी चार झाल्या. पाचवीला मात्र समोरची मोकळी वाट बघून हिच्या अंगात वारं शिरलं. पाय लांब पडू लागले. "एकशे सत्तेचाळीस," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "एकशे एकोणपन्नास." माझं बोट मण्यावर घट्ट. इथून ओरडून आवाज पोचणार नव्हता, आणि धावत जाण्यातही अर्थ नव्हता.

"दीडशे."

ती एकदम आवरली. पावलं बारीक झाली, हात खाली आले. आकडा तिथंच अडला आणि उतरू लागला. माझ्यासमोरून गेली तेव्हा स्वतःशीच पुटपुटत होती, "हो गं बाई, हो. ऐकलं."

फेरी पुरी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं. माझ्या अजून दोन माळा बाकी होत्या, म्हणून मी नुसतीच हसले.