तळून खाल्लेलं तोरण

ज्ञानदेव नागपूरच्या पोस्टात होते आणि सबंध नोकरीत त्यांच्या हातून एकही पत्र चुकीच्या दारात पडलं नाही. हे ते स्वतःच सांगत. एकदा म्हणे पाकिटावर नुसतं 'आत्याबाई, नागपूर' एवढाच पत्ता होता. तर ह्यांनी शहरातल्या झाडून सगळ्या आत्याबाई मैदानात उभ्या केल्या, कोणाच्या डोळ्यांत भाच्याची वाट दिसते ते पाहिलं, आणि पाकीट बरोबर जागी दिलं. अशा माणसानं रिटायर झाल्यावर टेक्सासमधल्या फ्रिस्कोला, मुलाच्या म्हणजे विवेकच्या घरी राहायला येऊन, दारात पडलेलं शेजारणीचं पार्सल आत आणावं आणि ते चारचौघांत तळून खाल्लं जावं, हे त्यांच्या बायकोच्या, जाईबाईंच्या गळी कितीतरी दिवस उतरत नव्हतं. पापड्या मात्र उतरल्या होत्या.

झालं ते असं. जाईबाईंची धाकटी बहीण गिरिजा दर उन्हाळ्यात तांदळाच्या वाफवलेल्या पापड्या पाठवायची. यंदाही 'पाठवल्यात, पोचतील' असा तिचा फोन आला होता. त्यामुळे शनिवारी दारात खोकं दिसल्यावर ज्ञानदेवांनी त्यावरचं नाव वाचलंच नाही. चष्मा माडीवर होता आणि ते खाली. जाईबाईंनी खोकं उघडलं तर आत पापड्याच. लाल, पिवळ्या, हिरव्या, गुलाबी. मागे बोट धरलं तर दिसावं इतक्या पातळ, आणि प्रत्येकीवर पानाच्या शिरा उमटलेल्या.

"गिरिजानं यंदा पानावर घातल्या वाटतं," जाईबाई म्हणाल्या. त्यांची आई पळसाच्या पानांवर घालायची. घरात तेवढ्या थाळ्याच नव्हत्या. बहिणीला आईची पद्धत आठवली म्हणून त्यांचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच त्यांनी कढई चढवली.

दुसऱ्या दिवशी विवेककडे बुद्धजयंतीचा कार्यक्रम होता. डॅलसच्या चहूबाजूंनी मंडळी आली, बुद्धवंदना झाली, खीर झाली, आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावर रंगीत पापड्यांचा डोंगर लागला. पापड्या तेलात इतक्या फुलत होत्या की एक तर फुलता फुलता खिडकी व्यापून बसली आणि भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला. हेही ज्ञानदेवच सांगत. डोंगर मात्र तासाभरात सपाट झाला.

सोमवारी सकाळी शेजारची लूस दारात आली. उरलीसुरली एक पापडी तेव्हा ज्ञानदेवांच्या तोंडात होती.

लूस फिलिपिनो, हॉस्पिटलात नर्स. जानेवारीत फ्रिस्कोच्या रस्त्यांवर बर्फाची काच झाली होती, त्या सकाळी ज्ञानदेव पेपर आणायला म्हणून बाहेर गेले आणि ड्राइव्हवेवर कोसळले. श्वास नाही, नाडी नाही. जाईबाई दारात नुसत्या उभ्या. ओरडायला गेल्या तर आवाज नाही. रात्रपाळीहून नुकतीच परतलेली लूस मोजे घातल्या पायांनी बर्फावरून धावत आली, गुडघ्यांवर बसली आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्यांची छाती दाबत राहिली. ज्ञानदेवांच्या म्हणण्याप्रमाणे ते वर पोचलेही होते, पण तिथल्या माणसानं कागद पाहून 'व्हिजिटर व्हिसावर आत घेत नाही' असं सांगून परत पाठवलं.

"तुम्ही कधीपासून वर-खाली मानायला लागलात?" जाईबाई विचारायच्या.

"मानत नाही, म्हणूनच परत आलो."

त्या दिवसापासून जाईबाईंना लूसला काहीतरी द्यायचं होतं. थँक्यू म्हणून झालं, पण ते तर दुकानातल्या पोरालाही म्हणतात. साडी दिली तर लूसनं ती आईच्या पलंगावर पांघरूण म्हणून घातली. डबा दिला की तो भरूनच परत यायचा. आणि आता ही लूस दारात उभी राहून विचारत होती, "अंकल, आमचं एखादं खोकं चुकून तुमच्याकडे आलंय का? आत रंगीत पानं आहेत, तांदळाची, दारा-खिडक्यांना टांगायची."

ज्ञानदेवांनी तोंडातलं गिळलं. पोस्टखात्याची सगळी अब्रू त्या एका घोटाबरोबर खाली गेली.

"काय म्हणते ती?" जाईबाईंनी विचारलं. त्यांना इंग्रजी थोडंच कळे.

"म्हणते," ज्ञानदेव म्हणाले, "की आपण तिचं तोरण खाल्लं."

मग त्यांनी लूसलाही इंग्रजीत खरं ते सांगितलं. ती आधी हसली. मग पायरीवर बसली, आणि बसल्यावर तिचा चेहरा उतरला. तिनं सांगितलं ते ज्ञानदेवांनी जसं जमेल तसं मराठीत आणलं. तिच्या आईचं गाव लुकबान. मे महिन्यात पीक घरात आलं की तिथे सान इसिद्रोची मिरवणूक निघते. ती ज्या रस्त्यानं जाते तिथलं एकेक घर जमिनीपासून छपरापर्यंत सजतं. भाताच्या लोंब्या, भोपळे, वालाच्या शेंगा. शेतकऱ्याचं भात, टोपीवाल्याच्या टोप्या. ज्याला जे मिळालं ते त्यानं दाराला बांधायचं आणि सांगायचं, बघा, एवढं मिळालं, आभारी आहोत. ह्या पापड्यांना किपिंग म्हणतात. त्यांची झुंबरं करून खिडक्यांना लावतात. आई इथे आल्यापासून गप्प गप्प असते. म्हणते, ह्या देशात मी काही पेरलं नाही, काही पिकलं नाही, टांगू काय? लूसनं चर्चमधल्या लोकांच्या विनवण्या करून येत्या शनिवारची मिरवणूक ह्या गल्लीतून वळवली होती आणि गावाहून किपिंग मागवलं होतं. आता मिरवणूक येणार आणि घर उघडं.

"मी सांगते लोलाबाईंना," जाईबाई उठल्या. लोला म्हणजे आजी. सगळी गल्ली लूसच्या आईला लोलाच म्हणायची, त्याला 'बाई' जाईबाईंनी लावलं होतं. "माझ्या कढईत गेलंय, मीच सांगणार."

लोलाबाई मागच्या अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. एवढीशी बाई, खुर्चीच जास्त दिसायची. जाईबाईंनी मराठीत सांगितलं, ज्ञानदेवांनी इंग्रजीत, लूसनं त्यांच्या भाषेत. म्हातारीनं ऐकता ऐकता तिघांचीही तोंडं पाहिली. मग तिनं एकच विचारलं, आणि तो प्रश्न दोन भाषा ओलांडून परत आला.

"कशा लागल्या?"

"मीठ कमी होतं," ज्ञानदेव बोलून गेले.

जाईबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं, पण म्हातारी खुदकन हसली. लूस आईकडे बघतच राहिली.

"शनिवारच्या आत मी करून देते," जाईबाई म्हणाल्या. "तांदूळ तोच, वाफ तीच. फक्त पान दाखवा. आणि हा सान इसिद्रो कोण, ते सांगा. कोणासाठी करतेय ते कळू द्या."

शेतमजूर होता, लूस म्हणाली. दुसऱ्याच्या शेतात राबायचा. कामाआधी प्रार्थनेत रमायचा म्हणून मालक चिडून बघायला आला, तर देवदूत त्याच्यासाठी नांगर हाकत होते.

"सालदार," जाईबाई हळूच म्हणाल्या. त्यांचे वडील आयुष्यभर पाटलाकडे सालदार होते. त्यांची कोणी मिरवणूक काढलेली त्यांना आठवत नव्हती.

ज्ञानदेवांना मात्र वेगळीच शंका. "शेत कोणाचं?"

"मालकाचं."

"म्हणजे पीकही मालकाचंच. मग त्या देवदूतांना मजुरी कोणी दिली? विचार तुझ्या आईला."

लूसनं विचारलं. लोलाबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "आपण देतोय की अजून. दर वर्षी."

ज्ञानदेवांनी हार मानून हात जोडले. असं फार क्वचित घडायचं.

पानांसाठी विवेकच्या अंगणातलं रेडबडचं झाड कामी आलं. त्याची पानं पिंपळासारखीच, फक्त शेपूट नाही. तांदूळ भिजले, मिक्सरमध्ये वाटले गेले, रंग पडले. मग दोन म्हाताऱ्या एका शब्दाचीही भाषा सामाईक नसताना तीन दिवस भांडल्या. पीठ घट्ट आहे, असं जाईबाई मराठीत म्हणायच्या. पातळ आहे, असं लोलाबाई त्यांच्या भाषेत. आणि दोघींना एकमेकींचं नेमकं कळायचं. पानाच्या पाठीवर पीठ फासायचं, वाफवायचं, अलगद सोलायचं. जाडसर निघाली की लोलाबाई ती टिचकी मारून बाजूला करायच्या. पहिल्या घाण्यात काळे ठिपके पाहून मात्र त्या चष्मा लावून वाकल्या.

"आई, डेकोरेशनमध्ये जिरं कशाला?" कॉल म्यूट करून विवेक किचनमध्ये आला होता.

"हाताला सवय आहे रे. आणि उद्या कोणी खाल्लं तर?"

"कोणी म्हणजे बाबाच ना."

"तू मीटिंगला जा," आतून ज्ञानदेव म्हणाले.

टेक्सासचं ऊन वाळवणाला असं काही पावलं, की पापडी सोलून चादरीवर ठेवेपर्यंत वाळलेली असे. पण शुक्रवारी वारा सुटला. चादर उचलली गेली आणि निम्म्या पापड्या गल्लीवरून पाखरांच्या थव्यासारख्या उत्तरेकडे निघाल्या. त्यातली एक थेट ओक्लाहोमात उतरली, तिथल्या गायीनं खाल्ली, आणि ती गाय अजून गुलाबी दूध देते. ही ज्ञानदेवांची खबर. जाईबाईंना एवढंच ठाऊक, की त्या रिकाम्या चादरीशेजारी गवतात बसून राहिल्या. पुन्हा तांदूळ भिजवायला वेळ नव्हता.

लोलाबाई येऊन शेजारी बसल्या. उरलेल्या पापड्या त्यांनी एकीवर एक रचल्या. तेवढ्यांत एक घरसुद्धा धड झालं नसतं. त्यांनी बोटानं लूसची खिडकी दाखवली, मग जाईबाईंची, आणि हवेत एकीपासून दुसरीपर्यंत रेघ ओढली.

शनिवारी सकाळी विवेकनं शिडी लावून दोन्ही घरांच्या मधोमध दोरी बांधली. तिच्यावर होत्या नव्हत्या तेवढ्या पापड्यांचं एकच झुंबर लागलं. खाली लूसच्या वाफ्यातली वांगी, जाईबाईंच्या कुंडीतली मेथी, एक दुधी. विवेकनं ऑफिसचा बॅज आणून मेथीच्या जुडीला अडकवला. "माझं पीक हेच," तो म्हणाला. "लेऑफ झाला नाही, तोवर आभार मानून घेतो."

लांबून ढोल ऐकू आला तशी लोलाबाईंनी लेकीला काहीतरी विचारलं. लूस घराकडे बघत राहिली, आपल्या हातांकडे बघत राहिली, आणि मग तरातरा चालत ज्ञानदेवांपाशी आली.

"अंकल, चला."

"कुठे?"

"टांगायला."

ज्ञानदेवांना वाटलं काही टांगायला मदत हवी आहे. पण लूसनं त्यांना झुंबराखाली खुर्चीवर बसवलं, गळ्यात वालाच्या शेंगांची माळ घातली, दोन्ही खांद्यांवर पापड्या बांधल्या, आणि आईची गावाकडची रुंद कडांची टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. मांडीवर दुधी दिला.

"आई विचारते, ह्या देशात तू काय पिकवलंस," ती म्हणाली. "मी हे पिकवलं."

ज्ञानदेव हे भाषांतर करून सांगणार होते, पण मांडीवरचा दुधीच सावरत बसले. गरजही नव्हती. जाईबाईंना इंग्रजी थोडंच कळत होतं, तेवढं पुरलं. जानेवारीपासून साठून राहिलेलं काहीतरी त्यांच्या डोळ्यांवाटे खाली आलं. त्यांनी पुढे होऊन नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी नीट केली, मग लूसचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. लूसच्या माणसांतही वडीलधाऱ्यांचा हात असाच कपाळाला लावतात. म्हणून ती गडबडून हात सोडवू लागली, की आँटी, हे उलटं झालं. जाईबाईंनी सोडले नाहीत.

लोलाबाई हे सगळं बघत होत्या. त्या हळूहळू आल्या, हात सुटल्यावर माळेची गाठ मारायला वाकलेल्या लूसच्या पाठीवर हात ठेवला आणि दोन शब्द बोलल्या. लूसचा गाठीवरचा हात थांबला.

"काय म्हणाल्या?" जाईबाईंनी विचारलं.

ज्ञानदेवांना लोलाबाईंच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी ते टोपीखालून म्हणाले, "म्हणतात, हे माझं पीक."

जन्मभर जाईबाईंनी त्या माणसाच्या गोष्टींतून निम्मं वजा केलं होतं. ह्या वेळी काहीच वजा केलं नाही.

मिरवणूक आली. पुढे ढोलवाले, मागे ड्यूटीवरून थेट आलेल्या नर्सा, आणि पिकअप ट्रकवर फुलांत उभा सान इसिद्रो. हातात फावडं, शेजारी पुठ्ठ्याचा बैल. कोणी प्रार्थना म्हटली. जाईबाईंनी देवाला म्हणून हात जोडले नाहीत. त्यांनी फावड्याकडे पाहिलं आणि मान लववली, जशी वडील शेतावरून घरी आल्यावर पाण्याचा तांब्या देताना लववायच्या. लोकांनी पापड्यांचे फोटो काढले, दुधीचे काढले, सगळ्यांत जास्त ज्ञानदेवांचे. एका पोरीनं विचारलं, हे खरे आहेत का. लोलाबाईंनी ज्ञानदेवांच्या खांद्यावरची एक पापडी मोडून तिला दिली, एक स्वतः तोंडात टाकली, आणि जिरं दाताखाली आलं तशी जाईबाईंकडे बघून मान डोलावली.

ढोल पुढच्या वळणावर गेला. ज्ञानदेव शेंगांच्या माळेतून कुजबुजले, "अगं, उतरू का आता?"

"बसा तिथेच," जाईबाई म्हणाल्या. "मागचे लोक यायचेत अजून."