ताकाचा नवस

“भाजी एकटी पोटात धाडू नकोस गं, संगतीला ताक दे, नाहीतर गाय रुसते,” राणीबेनची आई घुसळखांबाशी बसून म्हणायची. रवीची घुमघुम कुठे थांबली आणि आईचा आवाज कुठे सुरू झाला, हे उमगायचं नाही. गाईच्या रुसव्याचं राणीबेनला हसू यायचं, पण जुनागडजवळच्या या गावी सासरी आल्यावरही भाजीच्या ताटाशेजारी ताकाची लोटी ठेवायला ती कधी चुकली नाही.

यंदा ती लोटी पालथी पडली. नवऱ्याला, वजशीभाईला, मुतखडा झाला. आधी आठवडेच्या आठवडे ‘वात आहे’ म्हणत त्याने तो अंगावर काढला, तेवढ्यात खड्याने उजवं मूत्रपिंड खाऊन टाकलं. मग खड्यात कॅल्शियम असतं, असं कुणीसं सांगितलं. तेवढं त्याला पुरलं. अर्धी गोष्ट ऐकून पुरता शहाणा होण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. कॅल्शियम म्हणजे चुना, चुना म्हणजे दूध आणि ताक, असं तो चौकात समजावू लागला. जणू पोटात गवंडीच कामाला बसला होता.

मग माताजीच्या देवळात, सगळ्यांदेखत, तो नवस बोलला: पोटातला खडा नाहीसा होईतो ताकाला तोंड लावणार नाही. त्या मुलखात नवसाला जिवापाड आवडीची वस्तू सोडतात. गाई-म्हशींवर जगणाऱ्या आहीराच्या पोराने ताक सोडलं म्हटल्यावर बायाबापड्यांचे डोळे भरून आले. पुजारीबापूंनी स्वतःच्या हाताने नारळ दिला.

तेव्हापासून सकाळी रक्तशुद्धीसाठी पालकाचा पेलाभर रस. दूध बंद, म्हणून चहा कोरा, तोही दिवसभर. खिशात भाजलेले शेंगदाणे. आणि तोंडात उपदेश, तो मात्र फुकट.

भाद्रपदात तो अंगणातच दुमडून पडला. जुनागडच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिला. उरलेल्या एकुलत्या डाव्या मूत्रपिंडात नवे खडे. काय खाता, असं विचारल्यावर वजशीभाईने पालकापासून शेंगदाण्यांपर्यंत सगळं छाती काढून सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. खडा नुसत्या कॅल्शियमचा नसतो, त्या म्हणाल्या, ऑक्सलेट त्याच्याशी जुळतं तेव्हा तो बनतो. आणि ते पालकात, चहात, शेंगदाण्यात भरपूर असतं. जेवणासोबत दूध-ताक असलं तर दोघांची गाठ आतड्यातच पडते आणि शौचावाटे निघून जाते. नसलं तर ऑक्सलेट मोकळं रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. पालक आणि कोरा चहा बंद करा, मीठ कमी करा, पाणी भरपूर प्या, जेवणासोबत ताक घ्या. हेही मूत्रपिंड गेलं तर यंत्रावर जगावं लागेल.

“ताक नाही जमायचं, बेन,” वजशीभाई म्हणाला. “माताजीपुढे शब्द दिलाय.”

घरी तो बाजेवर हुतात्म्यासारखा पडला. खडा जाईल तेव्हा नवस सुटणार, आणि नवस सुटेना म्हणून खडा वाढणार. एवढं सरळ गणित, पण गाव त्याच्या निष्ठेनेच गहिवरलं होतं. पुजारीबापू आले. वजनात भारी, म्हणजे अधिक लाडकी वस्तू सोडली तर नवस बदलता येतो, असं त्यांनी सांगितलं. वजशीभाईने उसासा टाकला: ताकाहून लाडकं आहीराला दुसरं काय असणार?

राणीबेन दाराआड उभी होती. वडीलधाऱ्यांसमोर ती कधी बोलली नव्हती. ओढणी कपाळावर ओढून ती उंबऱ्याबाहेर आली आणि लेकीच्या नावाने नवऱ्याला हाक मारून म्हणाली:

“हीरलचे बापा, देवीला फसवलंत तेवढं पुरे. लग्न झाल्यापासून बघतेय, माझी पाठ वळली की ताकाची लोटी म्हशीच्या आंबोणात जाते. मी गप्प राहिले, म्हटलं नवऱ्याची लाज राखावी. ताक तुम्हाला कधी आवडलंच नाही. नावडतं होतं तेच देवीच्या गळ्यात मारलंत. सोडायचंच असेल तर आता बापूंच्या देखत, ज्याच्यावर खरा जीव आहे तो चहा सोडा.”