गरम पाण्याची पिशवी

दुपारी दोनलाच लेक मैत्री तिच्या कंपनीच्या गाडीने घरी आली, तेव्हा रामदासने ओळखलं, पोट दुखतंय. त्याने काही विचारलं नाही. गॅसवर पाणी ठेवलं आणि कपाटातून लाल रबरी पिशवी काढली.

पिशवी नंदाची, त्याच्या बायकोची. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. डेंग्यूने आठ दिवसांत गेली. त्याआधी पंचवीस वर्षं, दर महिन्याला तीन दिवस ती पोट धरून पडायची. रामदास ऑफिसातून लवकर यायचा, भात लावायचा, पिशवी भरून द्यायचा. शेजारणी म्हणायच्या, "नवरा असावा तर असा." त्याला ते आवडायचं. खोटं कशाला बोला.

त्याने भरून दिलेली पिशवी मैत्रीने घेतली आणि बाजूला ठेवली.

"बाबा, परवा डॉक्टरांकडे जाऊन आले. एंडोमेट्रिओसिस आहे."

"म्हणजे?"

"गर्भाशयाच्या आत अस्तर असतं ना, तसंच बाहेर वाढतं. महिन्याला तेही सुजतं, रक्त येतं, पण त्याला वाट नाही. मग आतल्या आत चिकटत जातं. माझ्या अंडाशयावर गाठ झालीय. शुक्रवारी दुर्बिणीतून ऑपरेशन, मग गोळ्या. समूळ जाईलच असं नाही, पण महिन्याच्या रजा तरी थांबतील. फॉर्मवर घरच्यांची सही हवी."

मांजरी गावाहून आलेली वेणूबाई, रामदासची थोरली बहीण, शेंगा सोलत बसली होती.

"आन् रविवारी पाव्हणं यायच्यात, त्यांस्नी काय सांगू? पोटाला सुरी लावू नगंस, पोरी. लगीन झालं की ऱ्हातंय आपोआप. रामदास, सही करू नगंस."

मैत्री बापाकडे बघत होती. तो म्हणाला, "डॉक्टरांनी अजून काय विचारलं?"

"घरात कुणाला होतं का म्हणून. म्हटलं, आईचं पोट दुखायचं. किती, ते माहीत नाही. आई बोललीच नाही कधी."

रामदासला माहीत होतं. संडासला जातानाही ती ओठ दाबून धरायची. मैत्रीनंतर पुन्हा दिवस गेले नाहीत. हे सगळं त्याने पाहिलं होतं, आणि 'चल, दवाखान्यात जाऊ' असं एकदाही म्हणाला नव्हता. पिशवी भरून दिली की आपलं काम झालं, असं त्याला वाटायचं.

"आक्का," तो म्हणाला, "नंदाचं लग्न माझ्याशीच झालं होतं."

वेणूबाईचा हात थांबला.

"पंचवीस वर्षं. कुठं राहिलं आपोआप?"

रामदासने चष्मा शोधला, फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

"शुक्रवारी मी येतो. आईचं सगळं डॉक्टरांना सांगतो. मला पाठ आहे."

मग तो पिशवी उचलून कपाटाकडे निघाला.

"बाबा, ती कुठे नेताय?"

"आता कशाला लागते?"

"शुक्रवारला चार दिवस आहेत. दुखतंय मला."

पिशवीतलं पाणी कोमट झालं होतं. त्याने ते ओतून दिलं आणि पुन्हा गॅस पेटवला.