खोडलेल्या ओळी

"भाऊजी, यांचं पुस्तक तपासताना तुम्ही खरंच दोनदा झोपलात?"

चहात साखर किती घालू, असं विचारावं तितक्या सहज वहिनींनी हे विचारलं. माझ्या हातातला कप बशीवर आपटला. मी ही गोष्ट कुणाजवळही बोललो नव्हतो. लिहिली होती, हे खरं. पण लिहून लगेच खोडलीही होती. आणि खोडलेलं कुणी वाचतं का? मी जन्मभर प्रूफं तपासली. आमच्या धंद्यात ओळीवर रेघ मारली की ती ओळ संपली. छापील पुस्तकात तिचा मागमूसही राहत नाही. एवढ्या एका भरवशावर माझ्यासारख्या माणसाने आयुष्य काढलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"कसं म्हणजे? तुमच्या लेखातच आहे की. लाल अक्षरांत, मधून रेघ." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलंय. म्हटलं, आमचे भाऊजी एकदम धीट कसे झाले!"

मी पाहिलं. माझा पहिलावहिला लेख होता आणि त्याच्या अंगाखांद्यावर मी खोडलेलं प्रत्येक वाक्य लालभडक होऊन बसलं होतं.

झालं होतं ते असं. माझा थोरला भाऊ पूल बांधणारा इंजिनिअर. निवृत्त झाल्यावर त्याने आपल्या कामाच्या आठवणी लिहायला घेतल्या. पहिला भाग नुकताच छापून आला, दुसऱ्याची टंकलिखित प्रत छापखान्यात जायच्या बेतात होती. सकाळी उठून टेबलाशी बसायला दादाजवळ आता तेवढंच एक कारण उरलं होतं. पहिल्या भागाची प्रूफं मी तपासली. "चुका किती?" एवढंच त्याने विचारलं आणि मी तेवढंच सांगितलं. पुस्तक कसं वाटलं ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. लहानपणापासून तो बोलतो आणि मी ऐकतो. आमची दारं समोरासमोर आहेत, पण मनातलं बोलायला तो मधला पॅसेज ओलांडणं मला कधी जमलं नाही.

तेव्हा वहिनींनीच सुचवलं, "तोंडाने जमत नाही ना, मग ब्लॉग लिहा." वहिनींचा स्वतःचा विणकामाचा ब्लॉग आहे. कुठकुठल्या बायका तो वाचतात, काही पुरुषही वाचतात म्हणे. माझ्यासारख्या नवशिक्याला शिकवायचं त्यांनी मनावरच घेतलं.

"तीन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "पहिला म्हणजे भाड्याची खोली. फुकट मिळते, पण भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायचं. दुसरा म्हणजे स्वतःचं घर. मनाला येईल ते करा, पण नळ गळला तर तुमचा तुम्हीच बघा. तिसरा म्हणजे मोठा हॉल. माणसं आधीच बसलेली असतात, आवडलं की टाळ्या वाजवतात."

"आणि नाही आवडलं तर?"

"उठून जातात."

हॉल मी तिथल्या तिथे बाद केला. भाड्याच्या खोलीचा विचार मात्र गंभीरपणे केला. त्या कंपनीच्या अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या.

"भाऊजी, त्या अटी आजवर कुणी वाचलेल्या नाहीत," वहिनी म्हणाल्या. "लिहिणाऱ्यानेसुद्धा नाही."

त्यांचं बरोबर होतं. जो मजकूर एकदा तरी वाचला गेला आहे, त्यात इतक्या चुका राहत नाहीत. शिवाय मालक वाटेल तेव्हा खोली बंद करू शकतो, असं बारीक अक्षरांत होतंच. म्हणून मी स्वतःचं घर निवडलं. नाव घेतलं, जागा घेतली, पांढरी, काहीही नक्षी नसलेली थीम घेतली. वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यासारखं दिसतंय," पण मला कागदासारखं दिसत होतं.

मग प्लगइनचा विषय निघाला. मी विचारलं, म्हणजे काय? "घराला जोडायच्या सोयी हो. बेल, कुलूप, टपालाची पेटी. नव्या माणसाला सगळ्याच हव्याशा वाटतात आणि मग त्यांच्याच ओझ्याने घर चालेनासं होतं. कमीत कमी घ्या." त्यांनी दोन बसवून दिली. एक फालतू कमेंट अडवणारं, दुसरं रोजच्या रोज सगळ्याची प्रत काढून ठेवणारं. किती जणांनी वाचलं ते मोजणारंही त्या बसवणार होत्या, पण मी त्यांचा हात धरायचाच बाकी ठेवला. मोजलंच नाही, तर निदान शून्य आहे हे तरी कळणार नाही.

तेवढ्यात त्यांच्या ब्लॉगवर मला लाल रेघा दिसल्या.

"हे काय आहे?"

"ते दुरुस्तीचं. नमुन्यात माझी एखादी ओळ चुकली आणि मी ती बदलली, तर जिने आधीच विणायला घेतलंय तिला कळायला नको? बिचारीचा स्वेटर तीन बाह्यांचा व्हायचा."

हे सगळं मी कानांनी ऐकलं. पण डोळे त्या लाल रेघेवर होते आणि माझं शिक्षण सगळं डोळ्यांनीच झालेलं आहे. पडद्यावर प्रथमच काहीतरी ओळखीचं भेटलं होतं. हुबेहूब माझं प्रूफ! लाल रेघ तपासणाऱ्यासाठी असते, वाचणाऱ्यासाठी नसते, हे मला कुणी सांगायची गरजच नव्हती. तिथेच घात झाला.

"हे मला हवं," मी म्हणालो.

"तुम्हाला कशाला?"

"माझ्या सवयीचं आहे."

वहिनींनी खांदे उडवले आणि बसवून दिलं.

लेख लिहिला तो दादाच्या पुस्तकावर. दुसरं मला काय सुचणार? लिहिताना हवं ते लिहिलं आणि प्रकाशित करायचं बटण दाबल्यावर घाबरून दुरुस्त करत बसलो. 'सिमेंटच्या प्रतवारीचं प्रकरण तपासताना मी दोनदा झोपलो' हे खोडलं. 'लेखक वाचकाला कामावरचा शिकाऊ समजतो' हेही खोडलं. आणि आणखी एक मोठं वाक्य होतं, तेही खोडलं. शेवटी उरलं ते असं: 'भाषा सोपी आहे. माहिती भरपूर आहे. छपाई सुबक आहे.' आता यात कुणाला बोट ठेवायला जागा नाही, अशा समाधानात मी दोन दिवस होतो.

वहिनींचा मोबाइल तसाच टेबलावर ठेवून मी पॅसेज ओलांडून माझ्या घरात धावलो. धावलो हा शब्द माझ्या वयाला शोभत नाही, पण दुसरा नाही. कॉम्प्युटर उघडला. लाल वाक्यं पुसायला गेलो तर ती पुसलीच जाईनात. शेवटी अख्खा लेख निवडला, खोडून टाकला आणि पान पुन्हा उघडून पाहिलं.

अख्खा लेख उभाच होता. आता तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत लाल होता.

समोरच्या घरातून मोबाइल वाजला आणि पाठोपाठ वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, आता हात लावू नका हो! प्रत्येक बदलाची सूचना सगळ्यांना जाते!"

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"माझ्या विणकामवाल्यांना. मी तुमच्या ब्लॉगबद्दल लिहिलं होतं ना माझ्याकडे. दिराचं कौतुक नको करायला?"

खाली कमेंटही आलेल्या होत्या. कुणी बाई लिहीत होत्या, 'मीसुद्धा विणताना झोपते, वाईट वाटून घेऊ नका.'

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना मी विचारलं, "दादाने वाचलं?"

"काल वाचलं." मघाची चेष्टा त्यांच्या चेहऱ्यावर राहिली नव्हती. "मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. सकाळी छापखान्यात फोन केला आणि दुसरा भाग थांबवा म्हणाले. मला आत्ता तुम्हाला हेच विचारायचं होतं, पण सुरुवात कुठून करावी कळेना."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. माझ्या शब्दाने जगात काहीतरी थांबलं, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. माझ्या शब्दाने साधी रिक्षासुद्धा थांबत नाही.

"जा," वहिनी म्हणाल्या. "आतल्या खोलीत आहेत. मी चहा टाकते, पण आणायला उशीर करीन."

दादा खिडकीजवळच्या टेबलाशी होता. दुसऱ्या भागाचा गठ्ठा समोर, सुतळीने बांधलेला. त्याने वर पाहिलं.

"ये, धाकट्या. बस. उशी देऊ का?"

"दादा, ते मी खोडलं होतं रे."

"बघितलं. छान खोडलंयस. रेघ अगदी सरळ आहे."

"तू छापखान्यात फोन केलास?"

"केला. झोपेचं औषध विकायला परवाना लागतो."

मी उभाच होतो. म्हणालो, "माझ्यामुळे पुस्तक थांबवू नकोस. मला काय कळतं? मी काना-मात्रा बघणारा माणूस. माझं मत म्हणजे काय मोठं—"

"झालं तुझं?" दादाने चष्मा काढला. "सिमेंटचं प्रकरण कंटाळवाणं आहे. मलाही लिहिताना डुलकी आली होती. खोडलेल्याचा मला राग आलेला नाही."

"मग कशाचा आला?"

"जे ठेवलंस त्याचा." त्याने मोबाइल उचलला आणि हात लांब करून वाचलं. "'भाषा सोपी आहे. माहिती भरपूर आहे. छपाई सुबक आहे.' माझ्या सख्ख्या भावाने जगाला माझ्याबद्दल काय सांगितलं? छपाई सुबक! अरे, छपाई मी केली का?"

ज्या वाक्यांत कुणाला बोट ठेवायला जागा नाही असं मला वाटलं होतं, नेमकं त्यांच्यावर तो बोट आपटत होता.

"आणि हे," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला. "हे का खोडलंस?"

ते मोठं वाक्य होतं. दादाने बांधलेल्या पहिल्या पुलावरून पहिला मालट्रक गेला तेव्हा दादा पुलाखाली जाऊन उभा राहिला होता आणि त्याचे गुडघे लटपटत होते, असं पुस्तकात एका पानावर आहे. मी लिहिलं होतं: 'माझा थोरला भाऊ घाबरतो, हे मला या वयात या पानावर कळलं, तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.'

"लाज वाटली," मी म्हणालो.

"कुणाची?"

"तुझी स्तुती अशी उघड्यावर करायची. आणि तू घाबरतोस हे चारचौघांना मी सांगायचं म्हणजे..."

"धाकट्या, ते मी स्वतः छापलंय!"

खरंच की. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सगळे नातेवाईक म्हणाले, छान आहे," दादा म्हणाला. "निम्म्यांनी उघडलंही नाही. अक्षर न् अक्षर वाचलेला माणूस एकच. त्यालाही जर छपाईच दिसली असेल, तर दुसरा भाग कुणासाठी काढू? तुला काय दिसतं ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं. काल ते लाल पाहिलं आणि कळलं, की याला दिसतं सगळं. हा बोलत नाही, एवढंच." त्याने सुतळीची गाठ सोडली. "म्हणून छपाई थांबवलीय. आता बोल. तोंडाने. नाहीतर हे असंच राहू दे."

त्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण. नदीचं पात्र, खडकाची जात, पायाची खोली, पंपांचा आकार. मग एक मुकादम कामावर येतो, पात्राकडे बघतो आणि काही न बोलता परत निघून जातो. आणि पुन्हा पंपांचा आकार.

"थांब," मी म्हणालो.

दादा थांबला. मी दचकलो. आम्ही दोघेही एकमेकांकडे असे पाहत होतो, जणू खोलीत तिसराच कुणी बोलला.

"पंप नकोत," मी म्हणालो. "तो मुकादम परत का गेला?"

"ते यात नाही."

"तुला माहीत आहे ना?"

"आहे."

"मग ते सांग. ही पानं काढ आणि ते सांग."

"सगळी काढू?" दादाचा आवाज चढला. "या पानांना मला अख्खा हिवाळा लागलाय!"

"सगळी," मी म्हणालो. आपण काय बोलून बसलो ते कळायला मला एक क्षण लागला. कळल्यावरही मी ते परत घेतलं नाही.

वहिनी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. "छापखान्यातून पुन्हा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "नक्की काय ते विचारतायत. बंद म्हणून सांगू?"

दादा माझ्याकडे बघत होता. लहानपणी कधी असं पाहिलं असतं, तर मी खोलीतून पळालो असतो.

"सांग, उशीर होईल," तो म्हणाला. "लेखकाला काम लागलंय." आणि मग हातातली पानं टेबलावर पालथी घालून, कागदाकडे न बघता, तो मला सांगू लागला, "तो मुकादम ना, त्याच्या बापाने त्याच नदीवर काम केलं होतं..."

मी खुर्ची पुढे ओढली.