रुमालाखालचा फोन

जुन्नरच्या पेठेतला तो मोबाईलवाला गालात गुटखा धरून बोलत होता. जानकाबाईंना पहिली किळस आली ती त्याचीच. गिऱ्हाईक समोर उभे असताना ज्याचे तोंड रवंथ करते, त्याच्या मालाचा भरवसा तो काय धरावा!

"आजोबांसाठी ना? मग ह्यो घ्या. चार स्पीकर हायेत. मुडदा उठून बसंल!"

"मुडद्यासाठी न्हाई, माझ्या मालकांसाठी पायजे," जानकाबाई म्हणाल्या.

मालक, म्हणजे भागुजी, खांद्यावर पंचा टाकून शेजारीच उभे होते. दुकानदाराने त्यांच्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

भागुजींचे कान गेल्या काही वर्षांत गेले. पण बेल्ह्याच्या बैलबाजारात त्यांचे काही अडले नाही. तिथे भाव तोंडाने बोलायचा नसतोच. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, बोटे दाबायची. भोवतालच्यांना आकडा कळत नाही. त्या रुमालाखाली भागुजींचा शब्द अजून पूर्वीइतकाच वजनदार होता. मात्र गेल्या थंडीत मागून आलेल्या टेम्पोचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही, थोडक्यात निभावले, आणि पुण्याला नोकरीत असलेल्या राजरत्नाने आईला बजावले, "आबांच्या खिशात फोन असंल तरच बाजार. न्हाईतर आता बास."

बाजार बंद झाला तर हा माणूस खाटेला खिळेल, हे जानकाबाई जाणून होत्या. म्हणून फोन निवडायला त्या स्वतः आल्या होत्या. बहिऱ्याला मोठा आवाज हवा, हा त्यांचा सरळ हिशोब. त्यांनी चार स्पीकरचाच घेतला.

पुढच्या बाजारी वली व्यापाऱ्याचा हात पंच्याखाली होता, खोंडाचा सौदा रंगात आला होता, आणि भागुजींच्या खिशात कुठलेसे सिनेमातले गाणे किंचाळले. आसपासची जनावरे बुजली. शिकवलेले बटण भागुजींनी दाबले मात्र, राजरत्नाचा आवाज बाजारभर पसरला, "आबा, कडबा संपलाय! वीस हजाराला मागितला तरी देऊन टाका!"

माणसे खो खो हसली. वलीने हात बाहेर काढला. "भागुजीभाऊ, आता पंचा कशाला पायजे? समद्या बाजाराला भाव कळला की!"

भागुजी खोंड न विकताच घेऊन परतले. ताटावरून तसेच उठले. "म्या पुन्यांदा बेल्ह्याला जाणार न्हाई," एवढेच म्हणाले.

जानकाबाईंना त्या डब्याची शिसारी आली, घरातली गोष्ट बाजारात ओरडणाऱ्या लेकाची आली, आणि सर्वांत जास्त आपल्या शहाणपणाची आली. ज्याच्यासाठी वस्तू घेतली, त्यालाच विचारायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी त्या मालकांना घेऊन पुन्हा पेठेत उभ्या राहिल्या.

"विकलेला माल परत घेत न्हाई, आजी."

"आजी तुझ्या घरी! ऱ्हाऊ दे तुलाच, तुझ्या मुडद्यांना वाजवून दाखव. आता दुकानातला एकेक फोन यांच्या हातात दे, आवाज बंद करून. आन् आधी थुंकून ये."

तो थुंकून आला. भागुजींनी हातावर पंचा ओढला. दुकानदार फोन ठेवी, दुसऱ्यावरून रिंग देई. एक माशीसारखा गुणगुणला; भागुजींनी मान हलवली. दुसराही नापास. तिसरा जाडजूड, साधा, कुणी न विचारलेला. तो असा थरथरला की भागुजींचा चेहरा पालटला. सौदा जमताना दिसे तसाच.

"ह्यो. ह्याचा हात खरा हाय."

जानकाबाईंनी तिथूनच राजरत्नाला ताकीद दिली, "बोलायचं काय न्हाई. आबांनी फोन कापला की समजायचं, सुखरूप हायेत."

मग भागुजींनी दुकानदाराचा हात पंच्याखाली ओढला आणि बोटे दाबली.

"ए आजोबा, गुदगुल्या होत्यात!" तो खिदळला.

भागुजींनी हात झटकून टाकला. "अगं, मागंल तेवढं देऊन टाक याला. ह्यो पार बहिरा हाय."

जानकाबाईंनी पैसे दिले. फोनवर गुटख्याचा लाल शिंतोडा दिसला, तो त्यांनी काउंटरवरच्या रद्दीला रगडून पुसला, आणि मगच फोन मालकांच्या हाती दिला.

एसटी स्टँडच्या वाटेवर भागुजी थांबले. "घरी गेल्यावर खोंडाला आंबोण जास्तीचं घाल. पुढल्या बाजारी न्यायचा हाय."